मिठाच्या गोण्या आणि नाथांची पै

वारकऱ्याने किल्ला पाहायला जावे काय, असा प्रश्न पुष्कळ भाविक विचारतात. पैठणला नाथमहाराजांचे दर्शन घेऊन, पुढे वेरूळला श्रीघृष्णेश्वराला जाणारी मंडळी वाटेत देवगिरीच्या पायथ्याशी थांबतात. निम्मी वर चढतात, निम्मी खाली झाडाच्या सावलीत भाकरी सोडून बसतात. खाली बसणारे म्हणतात, "ते राजेरजवाड्यांचे ठिकाण, लढायांचे, कापाकापीचे. आपल्याला त्याचे काय?" वर चढणाऱ्यांपैकी बरेच जण केवळ उंच आहे म्हणून चढतात. दोघांचेही मला नवल वाटते. कारण त्या डोंगराच्या माथ्याजवळ श्रीजनार्दनस्वामींची गुहा आहे, पादुका आहेत. आणि त्याच किल्ल्यावर पैठणचा एक पोरसवदा मुलगा गुरूच्या पायाशी राहून पुढे नाथमहाराज झाला. वारकऱ्याला याहून मोठा संबंध कोणता हवा?

पण आज मला नुसते स्थळमाहात्म्य सांगायचे नाही. देवगिरी पाहताना एक प्रश्न मनात येतो, आणि तो अलीकडे आपल्या दिंड्यांतून, सप्ताहांतून, मठांतून वारंवार उभा राहतो. प्रश्न असा की, हिशेब हा परमार्थाचा विषय आहे की नाही? देवाच्या दारी पैशा-आण्याचा, शेर-पायलीचा हिशेब मागणे हा भक्तीतला उणेपणा आहे, की तो न ठेवणे हा उणेपणा आहे? वरवर पाहता हा प्रश्न क्षुद्र वाटेल. वेदान्ताच्या दृष्टीने पै आणि मोहोर दोन्ही सारख्याच मिथ्या, हे मलाही पाठशाळेत घोकवलेले आहे. तरी प्रश्न क्षुद्र नाही.

आधी किल्ल्याविषयी थोडे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सपाट मुलखातून एकटा उठलेला शंकूसारखा डोंगर दिसतो. उंची सुमारे २०० मीटर, म्हणजे सहाशे-साडेसहाशे फूट. डोंगर तसा फार मोठा नव्हे. परंतु त्याचे आश्चर्य उंचीत नाही. त्याच्या खालच्या अंगाचा खडक यादवांनी सभोवार तासून काढला आहे. सुमारे ५० मीटरचा उभा, गुळगुळीत कडा. घोरपड तर राहोच, मुंगीलाही पाय रोवायला जागा मिळेल की नाही अशी शंका यावी. दगड कसा फोडतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या कड्याखाली उभे राहिल्यावर प्रथम राजा आठवत नाही. छिन्नी-हातोडा घेतलेले हात आठवतात. किती पिढ्यांचे हात असतील ते! त्यांचे नाव कुठल्याच शिलालेखात नाही.

भिल्लम यादवाने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी केली. पुढे सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र असे राजे झाले. याच दरबारात हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होते, म्हणजे राज्याचे सारे दप्तर त्यांच्या हाती. धर्मशास्त्रावरचा त्यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा ग्रंथ आम्हा संस्कृत शिकणाऱ्यांना नावाने तरी धाक घालतो. मोडी लिपी त्यांनीच प्रचारात आणली असे परंपरा सांगते. आणि याच रामचंद्ररावाच्या राज्यात, शके १२१२ म्हणजे १२९० साली, नेवाश्याला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी त्या राजाचे नाव आदराने घेतले आहे. नंतर १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे आणली आणि दौलताबाद नाव पडले. पुढे बहामनी आले, निजामशाही आली, १६३३ मध्ये मोगल आले. आज दिसणारे तट, बुरूज, खंदकाचे बांधकाम हे सगळे एका काळाचे नाही. ज्याने त्याने आपापली भर घातली. आता हे स्थळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिकीट काढून आत जावे लागते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोळशाने आणि खिळ्याने नावे कोरणारे आपले लोक एक दगड मोकळा ठेवणार नाहीत.

आत गेल्यावर तटामागून तट. चांदमिनार डावीकडे-उजवीकडे न्याहाळत, मोठा हत्ती हौद पाहत आपण चालत राहतो. चिनी महालापाशी गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा कैदेत होता. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या बाजूला मेंढ्याचे डोके ओतलेले आहे. मग खंदक, त्यावरून एकच वाट, आणि पुढे ती प्रसिद्ध अंधारी. डोंगराच्या पोटातून वळणे घेत चढणारा काळोखी बोगदा, पायऱ्या लहानमोठ्या, वटवाघळांचा उग्र वास. शाळेची पोरे तिथे हटकून ओरडतात आणि वटवाघळे हटकून उडतात. वाट दाखवणारा माणूस दिवा किंवा टेंभा पुढे धरून सांगतो, इथे शत्रूला उजेड दिसून तो पुढे जाई आणि सरळ खंदकात पडे. आपण त्याच्या मागून भिंत चाचपडत जातो. चार पावलांवर काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हाताला विचारावे लागते. गुडघ्यांचा ज्यांना त्रास आहे त्यांनी बेताबेताने चढावे, एवढे मी अनुभवाने सांगतो.

अशा ठिकाणी गेल्यावर बहुतेक प्रवचनकार एकच गोष्ट सांगतात. पाहा, राज्ये गेली, वैभव गेले, सगळे नश्वर आहे. खरे आहे. पण एवढे कळायला देवगिरीपर्यंत जायला नको. गावाबाहेरचे मसणवटेही तेच सांगते, आणि तिथे तिकीट लागत नाही. राज्ये जातात हे सामान्य विधान झाले. हे राज्य कसे गेले, ते मात्र पाहण्यासारखे आहे.

१२९६ साली, म्हणजे ज्या साली आळंदीस माउलींनी समाधी घेतली त्याच साली, कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन अचलपुरावरून देवगिरीवर आला. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन हा त्याचा चुलता आणि सासरा. त्यालाही याने पत्ता लागू दिला नव्हता. वाटेत त्याने आवई उठवली की, चुलत्याशी माझे बिनसले आहे, मी तेलंगणात राजमहेंद्रीकडे चाकरी शोधायला चाललो आहे. लोकांनी ते खरे मानले. रामदेवरावाचे बरेचसे सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले. राजा घाईघाईने किल्ल्यात शिरला. तेव्हा अल्लाउद्दीनने दुसरी आवई उठवली की, मी ही नुसती आघाडी आहे, मागून सुलतानाचे वीस हजार स्वार येत आहेत. तीही खरी मानली गेली. तहाची बोलणी झाली. इतक्यात युवराज शंकरदेव सैन्य घेऊन परतला आणि त्याने लढाई दिली. लढाईचा रंग यादवांच्या बाजूला होता असे म्हणतात. तेवढ्यात दुरून धुळीचा लोट उठला. अल्लाउद्दीनने मागे ठेवलेली हजारभर स्वारांची तुकडी येत होती. पण यादवांच्या सैन्याने धूळ पाहिली आणि ठरवले की हेच ते दिल्लीचे वीस हजार. पळापळ झाली.

तरी किल्ला उभाच होता. तो कडा कोण चढणार? आत धान्य असेल तर महिनोन्‌महिने बसावे. वेढा पडण्याच्या सुमारास कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या गोण्या किल्ल्याजवळ पडलेल्या होत्या. गडबडीत लोकांनी त्या धान्य समजून आत ओढून घेतल्या होत्या. शिबंदीची वेळ आली, गोण्या सोडल्या, आणि आत निघाले मीठ. मीठ खाऊन कोण लढणार? राजाने तह पत्करला, अपार द्रव्य दिले, अचलपूरचा वसूल लिहून दिला. हे सर्व फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहून ठेवले आहे. इतक्या उशिराच्या लेखनात कथेचा रंग मिसळतो, हे ध्यानात ठेवावे. पण दक्षिणेतल्या लोकांच्या आठवणीत देवगिरी कशाने पडली म्हणून राहिले, हे तर त्यातून निश्चित कळते. तोफेने नाही, शिडीने नाही. न उघडलेल्या गोणीने.

आम्हाला पाठशाळेत अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवीत. धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे अनुमान. गुरुजी लगेच विचारीत, "धूर दिसला, की धूर आहे असे वाटले?" कारण धुळीचा लोट दुरून धुरासारखा दिसतो, पहाटेचे धुके धुरासारखे दिसते, आणि त्यावरून जो अग्नी ठरवील तो फसेल. न्यायशास्त्रातले हे जुनेच उदाहरण. तेव्हा ते फार पुस्तकी वाटे. देवगिरीचा इतिहास वाचल्यावर वाटले, अरे, ते धुळीचे उदाहरण कुणीतरी यादवांच्या सेनापतीला सांगायला हवे होते!

आता तीनही चुका शास्त्राच्या मापाने मोजून पाहा. पहिली चूक शब्दप्रमाणातली. शब्द हे प्रमाण खरे, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगतो, तो आप्त. चालून येणारा शत्रू स्वतःविषयी सांगतो आणि आपण ते आप्तवाक्य मानतो, याला काय म्हणावे? दुसरी चूक धुळीची. तिथे अनुमानाचा आधारच संदिग्ध. तिसरी गोण्यांची. 'यात धान्य आहे, कारण ही गोणी आहे.' हा हेतू व्यभिचारी. गोणीत धान्य असते, तसे मीठही असते, भुसाही असतो. यातली विशेष गोष्ट ही की, पहिल्या दोन चुकांत खरे कळायला काही अडचण तरी होती; शत्रूच्या पोटात शिरता येत नाही, दूरच्या धुळीत जाऊन पाहता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी कसलीच अडचण नव्हती. गोणी आपल्या दारात, आपल्या हातात. एक दाभण खुपसून चिमूटभर जिभेवर ठेवायचे होते. प्रत्यक्ष हाताशी असताना अनुमानावर भिस्त ठेवली. कोणी मुद्दाम लबाडी केली असेही नाही. ज्याने उचलली त्याला वाटले, ठेवणाऱ्याने पाहिले असेल; ज्याने ठेवून घेतली त्याला वाटले, उचलणाऱ्याने पाहिले असेल. आणि कोठीवर जो कोणी असेल त्याने, विचारले तर अविश्वास दिसेल, म्हणून विचारले नसेल. हे शेवटचे मी कल्पनेने म्हणतो. परंतु माणसांचा स्वभाव मला ठाऊक आहे.

याच किल्ल्यावर अडीचशे वर्षांनी काय घडले ते आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. जनार्दनस्वामी मूळ चाळीसगावचे. निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार. बारा वर्षांच्या आसपासचे वय असताना नाथ आजोबांना न सांगता पैठणहून निघाले आणि स्वामींच्या पायाशी आले. स्वामींनी त्यांना लगेच समाधीला बसवले नाही. दप्तराचे काम दिले. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक आली. नाथ रात्रभर दिव्यापुढे बसले. पहाटे चूक सापडली तशी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी उठून आले, काय झाले विचारले. नाथांनी सांगितले. तेव्हा स्वामी म्हणाले की, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग जन्मोजन्मी चाललेली चूक सापडेल तेव्हा केवढा होईल!

ही कथा मी शेकडो कीर्तनांत ऐकली आहे. बहुतेक ठिकाणी ती अशी रंगवतात की, जणू स्वामींनी नाथांची चेष्टा केली. 'कुठे पै शोधत बसलास, देव शोध!' श्रोतेही हसतात आणि सुखावतात, कारण आपल्या घरातल्या न लिहिलेल्या वह्यांना त्यात आधार मिळतो. माझ्या मते हा अर्थ बरोबर नाही. कथेत स्वामींनी वही फेकून दिलेली नाही. 'पै सोडून दे' असेही म्हटलेले नाही. ज्याला एक पै चुकलेली सहन होत नाही, त्याच्याच हाती मोठी चूक शोधण्याचे काम देता येईल, हे त्यांनी ओळखले. हा अधिकाराचा विचार आहे. वेदान्तात साधनचतुष्टयाशिवाय जिज्ञासा नाही असे म्हणतात. तिथे नित्य आणि अनित्य यांची निवड करण्याला विवेक म्हटले आहे. निवड म्हणजे तरी काय? हे हे आहे, ते ते आहे, हे याच्या खात्यात घालू नये, ते त्याच्या. जमेची रक्कम खर्चात लिहिली तर वही चुकते. देहाचे धर्म आत्म्याच्या नावे मांडले तर जन्म चुकतो. त्याला आचार्यांनी अध्यास म्हटले. रीत एकच आहे.

आणि एक गोष्ट कीर्तनात कधी सांगितली जात नाही. ती पै कोणाची होती? नाथांची नव्हे, स्वामींचीही नव्हे. निजामशाहीच्या खजिन्याची होती. परधर्मी सुलतानाच्या खजिन्यात एक पै कमी-जास्त झाली तर पैठणच्या ब्राह्मणपुत्राने झोप का घालवावी? आजचा एखादा शहाणा म्हणेल, उलट बरेच झाले. नाथांनी पै कोणाची हे पाहिले नाही. ती आपल्या हाती सोपवलेली आहे एवढेच पाहिले. मला वाटते, त्या रात्रीचा खरा परमार्थ इथे आहे.

हीच नजर पुढे केवढ्या कामी आली! शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत लेखनिकांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणाकोणाच्या पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या, भेसळ दूर केली आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले. नाथ स्वतः केवढे कवी! हजारो ओव्या सहज लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या ग्रंथात आपली एकही न घालणे, हा हिशेबातला चोखपणा नव्हे तर काय? ज्ञानेश्वरी माउलींची ठेव होती. ती जशीच्या तशी पुढच्याच्या हाती द्यायची होती. आज आपण घरोघर पारायण करतो, ते देवगिरीच्या दप्तरात तयार झालेल्या त्या नजरेमुळे. त्यांनीही 'भाव महत्त्वाचा, पाठाचे एवढे काय' म्हटले असते तर?

आता यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 'हिशेबी माणूस' ही आपल्या भाषेत शिवी आहे. आई मुलाचा हिशेब ठेवत नाही. भक्त देवाशी सौदा करीत नाही. मी इतक्या वाऱ्या केल्या, इतकी माळ ओढली, असे जो मोजतो त्याची वारी पायांनी झाली, मनाने नाही. आणि ज्याला पै-पैची सवय लागते त्याचे मन पै-एवढेच होऊन बसते, असेही पाहण्यात येते. मग संतांनी हिशेब बुडवावा हेच बरोबर नव्हे काय? तुकोबारायांनी तर कर्जखते इंद्रायणीत बुडवली!

थांबा. तुकोबारायांनी काय केले ते नीट आठवा. घरात खतपत्रे होती, लोकांकडून येणे होते. परंपरा सांगते की त्यांनी खतांचे दोन वाटे केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हवाली केला आणि आपला अर्धा वाटा इंद्रायणीच्या डोहात सोडला. भाविकहो, वैराग्याच्या एवढ्या लोटातही वाटणी बरोबर अर्धी झाली! स्वतःचे येणे पाण्यात बुडवता येते. भावाचे बुडवता येत नाही. म्हणजे आपण ज्याला सरसकट हिशेब म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दिले त्याचा हिशेब, आणि माझ्या हाती दिले त्याचा हिशेब. पहिला विसरावा. तो जितका लवकर विसरेल तितका माणूस मोकळा. दुसरा विसरण्याचा अधिकार मला नाही, कारण तो माझा नाही. गंमत अशी की, आपण नेमके उलट करतो. देणगीचा आकडा आणि आपले नाव संगमरवरावर कोरून ठेवतो, आणि हाती आलेल्या पैशाचा कागद मात्र सापडत नाही.

दामाजीपंतांचे काय, असे कोणी विचारील. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाचे कोठार लोकांना खुले केले. ते धान्य त्यांच्या हाती सोपवलेले होते, त्यांचे नव्हते. वरच्या नियमाने पाहता त्यांचे चुकलेच म्हणायचे का? हा प्रश्न अवघड आहे आणि तो सोपा करून सांगण्याची मला इच्छा नाही. डोळ्यांदेखत पोरेबाळे मरत असताना जो कोठाराची किल्ली कमरेला लावून 'हे माझे नव्हे' म्हणत बसेल, त्याच्या चोखपणाला आग लागो. दामाजींनी दिले हे योग्यच केले. पण त्यांनी ते लपवून केले नाही. 'उंदरांनी खाल्ले' असे वहीत लिहिले नाही. बेदरला बांधून नेऊ लागले तेव्हा ते निघाले. किंमत प्राणाने भरायची त्यांची तयारी होती. आणि मग पांडुरंगाने काय केले? विठू महार होऊन दरबारात गेला, सगळी रक्कम मोजून भरली, आणि रसीद घेतली. चमत्कारच करायचा तर बादशहाची बुद्धी फिरवता आली असती, वही जाळता आली असती. तसे न करता देवाने पैसे मोजून दिले आणि पावती मागून घेतली. जो देव बादशहाकडून पावती घेतो, त्याच्या नावाने निघालेल्या दिंडीत पावती मागितली तर देवाचा अपमान होतो म्हणणे मला पटत नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिंडीत, नाव गाव घेत नाही, एका तरुणाने भिशीच्या पैशाचा हिशेब विचारला. शिकलेला मुलगा, तीन वर्षे न चुकता पायी येत होता, रोज पहाटे पाणी भरायला सर्वांत आधी. त्याचे म्हणणे एवढेच की, वाटेत गावोगाव अन्नदान झाले, शिधा आला, मग भिशीतले किती उरले आणि ते कुठे आहे? वडीलधाऱ्यांनी त्याला चारचौघांत झापले. "माउली, नामस्मरणाला आलात की पैसे मोजायला? ज्याचा विश्वास नाही त्याने दिंडीत येऊच नये." मुलगा गप्प बसला. पुढच्या वर्षी आला नाही, त्याच्याही पुढे नाही. मला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "बुवा, मी देवावर अविश्वास दाखवला नव्हता हो." त्यात कोणी पैसे खाल्ले होते असे मला मुळीच वाटत नाही. बहुधा ते पैसे औषधपाण्याला, ट्रकच्या दुरुस्तीला, कुणा म्हातारीला परत गावी पाठवायला गेले असतील. पण कोणी लिहिले नव्हते. गोणी कोणीच उघडली नव्हती.

'विश्वास ठेवा' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. श्रद्धा कशावर ठेवायची? पांडुरंगावर, गुरुवाक्यावर, नामावर. गोणीवर श्रद्धा ठेवायला शास्त्रात कुठे सांगितले आहे? जिथे हात घालून पाहता येते तिथे पाहावे. जिथे पाहता येत नाही तिथे आप्ताचा शब्द धरावा. आणि आप्ताची एक खूण आहे, की तो तपासून घेण्याला भीत नाही. सोनार कसोटी पुढे करतो. पितळ विकणारा म्हणतो, माझ्या तोंडाकडे पाहा.

पैसे सांभाळणाऱ्या माणसाची बाजूही पाहिली पाहिजे. बहुधा तो गावातला साधा, भिडस्त गृहस्थ असतो. स्वतःच्या खिशातलेही त्यात घालतो. वही ठेवली नाही की त्याच्यामागे कुजबुज सुरू होते, आणि त्याला ती खोडता येत नाही, कारण दाखवायला कागद नाही. असे दोन प्रामाणिक गृहस्थ संशयाने खचून वारी सोडून बसलेले मला माहीत आहेत. त्यांचा परमार्थ कोणी बुडवला? हिशेब मागणाऱ्याने नव्हे. आता तर फोनवरून पैसे येतात, त्याची नोंद आपोआप राहते, असे तरुण सांगतात. चांगलेच आहे. पण ज्वारीची पायली आणि तेलाची बाटली फोनवरून येत नाही, आणि दिंडी चालते ती मुख्यतः त्यांच्यावर.

कसे करावे, असे विचारणाऱ्यांना मी माझ्या माहितीतल्या एका लहान दिंडीची रीत सांगतो. पाचपन्नास माणसांची दिंडी, भपका काही नाही. आषाढ शुद्ध द्वादशीला पारणे सोडण्याआधी पंढरीत राहुटीतच सगळे बसतात. आधी हरिपाठ, मग वहीवाचन. ज्याच्याकडे वही असेल तो मोठ्याने वाचतो. कोणी काय आणले, काय खर्च झाले, काय उरले. कोणी विचारले तर वाचणारा रागावत नाही, पुन्हा वाचतो. मी एकदा तिथे हजर होतो. वाचता वाचता एका म्हाताऱ्या आजीचे नाव आले, पुढे 'ज्वारी पाच पायल्या'. आजी मागे भिंतीसारख्या उभ्या केलेल्या पडशांना टेकून बसली होती, मला वाटले डोळा लागला असावा. ती एकदम म्हणाली, "पाच न्हाई रं बाबा, म्या चारच घातल्या. पाचवी शेजारणीची. तिला यायला जमलं न्हाई, म्हून माझ्या पोत्यात दिली. तिचं नाव लिव्ह." वाचणाऱ्याने वाचन थांबवले, पाच खोडून चार केले, आणि शेजारणीचे पूर्ण नाव विचारून खाली नवी ओळ लिहिली. मग पाने वाढली.